शाळेतला ‘ळ’

आठला पाच कमी असताना गल्लीत पहिली पिवळी बस शिरते. इंदूरच्या सुदामा नगरातली ही गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या. बस अंग चोरत पुढे सरकते. ओट्यावर उभा असलेला पाच वर्षांचा मुलगा बसच्या तिसऱ्या खिडकीकडे बघून हात हलवतो. तिथली शेजारची मुलगी झोपाळल्या डोळ्यांनी हात हलवते. बस वळते. मुलगा आत येतो, पाटावर मांडी घालतो आणि पुढ्यातल्या परातीतले मसूर आणि हरभरे वेगळे करायला लागतो. चिमटीत एकेक दाणा. मसूर डाव्या वाटीत, हरभरा उजव्या. मध्येच एक हरभरा घरंगळत सोफ्याखाली जातो. तो पालथा पडून हात घालतो, दाणा काढतो, फुंकर मारून वाटीत टाकतो. एवढ्या वेळात घरातलं कुणी ‘राहू दे रे’ म्हणत नाही.

“जूनपासून रोज हेच चाललंय,” त्याची आई ओट्याशी पोळ्या लाटता लाटता सांगते. “पहिल्या दिवशी चार दाणे वेचून उठला होता. काल म्हणाला, आई, यात मूग पण टाक, हे तर सोपं होऊन गेलं.”

यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’ आहे. संपादकांनी फोनवर सांगितलं, मुलांना शाळेत न घालता घरी शिकवायला निघालेले पालक शोध, आणि पुण्या-मुंबईचे नकोत. त्या दोन शहरांतल्या पालकांविषयी बरंच लिहून आलं आहे. मला इंदूरच सुचलं. रामबागेत माझं आजोळ होतं. लहानपणीच्या मे महिन्यांत ओसरीवर बसून आजोबांनी आम्हा भावंडांना पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, शिकवली, ती मला अजून येते. शाळेत शिकलेलं भूमितीतलं एकही प्रमेय आज धड सांगता येणार नाही. गणपती बसायच्या आठवड्यात मी अवंतिका एक्स्प्रेसने इंदुरात उतरले आणि आठवडाभरात चार घरं पाहिली. दोन घरांत मुलं घरीच शिकत आहेत. एका घरात दोन वर्षांनी प्रयोग थांबवून मुलीला शाळेत घातलं. आणि हे सुदामा नगरातलं घर, इथे अजून काहीच ‘सुरू’ झालेलं नाही. इथे वर्षभर फक्त तयारी चालणार आहे. मुलं लहान आहेत, म्हणून नावं कुणाचीच देत नाही.

भिंतीवरचं वेळापत्रक

तयारी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकांचे गठ्ठे, रंगीत तक्ते, नकाशे आले होते. या घरात पुस्तकांचा एक संच आहे खरा, पण तो माळ्यावर. मार्चमध्ये उत्साहाच्या भरात मागवला आणि खोकं न उघडताच वर गेला. खाली फ्रिजवर एक दोनशे पानी वही आहे. आईने एप्रिलचा पूर्ण महिना रोज रात्री त्या वहीत मुलाने दिवसभर काय केलं ते लिहून काढलं. चांगलं-वाईट असा शेरा मारायचा नाही, फक्त दिसलं ते लिहायचं. तिने ती वही मला वाचू दिली. एका पानावर लिहिलंय: “४० मिनिटं झाडांना पाणी. पाइप वर धरला की पाणी पुन्हा खाली का येतं, हे तीनदा विचारलं. मी दोनदा उत्तर दिलं, तिसऱ्यांदा चिडले.” दुसऱ्या एका पानावर एकच ओळ: “आज त्याला मी काही शिकवलं नाही आणि तो दिवसभर शिकत होता.”

मला या वहीने फार विचारात टाकलं. तयारीतलं सगळ्यांत अवघड काम तिने पहिल्याच महिन्यात केलं होतं, ते म्हणजे हात बांधून बघणं. आपण मोठी माणसं मुलांकडे बघतो ती काहीतरी दुरुस्त करायला. शर्टाचं बटण उलटं लागलंय, पेन्सिल चुकीची धरली आहे, सहा उलटा काढलाय. नुसतं बघायला आपल्याला बसवत नाही. इतर दोन घरांतल्या आयाही हेच बोलल्या. पहिलं वर्ष मुलांना शिकवण्यात गेलं नाही, आपल्या डोक्यात भरलेली शाळा काढण्यात गेलं. एकीने तर सुरुवातीला घरात घंटा आणली होती. पस्तीस मिनिटांनी वाजवायची. मुलगी मातीत हात घालून बसलेली असायची आणि आई घंटा वाजवून तिला भाषेच्या तासाला बोलवायची. ती घंटा आता देवघरात आहे.

सुदामा नगरातल्या घरात भिंतीवर वेळापत्रक लावलंय, पण ते मोठ्यांचं. सकाळी साडेदहापर्यंत आई मोकळी. मग ती आतल्या खोलीत लॅपटॉप उघडते. एका कंपनीच्या हिशेबाचं अर्धवेळ काम ती घरून करते. अकरा ते बारा आजी, स्वयंपाकघरात. दुपारी झोप. चार ते साडेपाच आबा, म्हणजे आजोबा, बागेत किंवा बाजारात. बाबा सुपर कॉरिडॉरवरच्या एका आयटी कंपनीत आहेत, ते यायला साडेसात होतात. रात्रीची गोष्ट त्यांची आणि रविवारची सायकल त्यांची. मुलाचं नाव या तक्त्यात कुठेच नाही. कोण कधी त्याच्या हाताशी असेल एवढंच ठरलंय, त्याने तेव्हा काय करायचं ते त्याच्यावर.

घरातलं सामानही थोडं सरकलं. बैठकीतलं शोकेस मागच्या खोलीत गेलं आणि त्या जागी सुताराकडून दोन फूट उंचीचं लाकडी कपाट करून घेतलं. त्यात सहा ट्रे. एकात तांब्या, भांडं आणि फडकं: पाणी ओतायचं, सांडलं तर पुसायचं. एकात कात्री आणि जुन्या लग्नपत्रिका. एकात नट-बोल्ट. सातवा ट्रे आला की आधीचा एक आत जातो, हा नियम. न्हाणीत त्याच्या हाताला येईल असा खिळा ठोकून त्यावर त्याचा पंचा टांगलाय. बेसिनपाशी पाट. “कपाटाला साडेतीन हजार गेले. बाकी सगळं घरातलंच आहे,” बाबा म्हणाले.

साडेनऊच्या सुमारास गल्लीत नगर निगमची कचऱ्याची गाडी येते. इंदूर २०१७ पासून देशातल्या स्वच्छ शहरांच्या यादीत सतत वर राहिलं त्यात या गाडीचा वाटा मोठा. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, इलेक्ट्रॉनिक आणि घातक, असा कचरा सहा भागांत घेतला जातो. मुलगा दोन डबे दोन हातांत घेऊन धावत सुटतो. त्या दिवशी एक संपलेला सेल कुठे टाकायचा यावर गाडीवाल्या काकांशी त्याचं चांगलंच बोलणं झालं, हिंदीत. माँटेसरीच्या शाळांत वर्गीकरणाचे रंगीत ठोकळे असतात. इथे रोज सकाळी दाराशी एक चाकावरचं वर्गीकरण येतं.

शाला आणि शाळा

गल्लीच्या टोकाला सरकारी शाळा आहे. तिच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलंय, ‘शासकीय प्राथमिक शाला’. या घरात तिला शाळा म्हणतात. ‘शाला’ आणि ‘शाळा’ यांच्यामधल्या एका अक्षरात इंदूरच्या मराठी माणसाची गोष्ट आहे असं मला वाटतं.

मल्हारराव होळकरांबरोबर अठराव्या शतकात मराठी माणूस माळव्यात आला आणि इथलाच झाला. इंदुरात आजही महाराष्ट्र साहित्य सभा आहे, सानंद न्यासाच्या नाटकांना सभागृह भरतं, गल्लीगल्लीत अथर्वशीर्षाची आवर्तनं होतात. पण मराठी माध्यमातून शिकायची सोय इथे जवळजवळ उरलेली नाही. मुलं हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमात जातात. म्हणजे गेल्या दोन-तीन पिढ्यांत इंदुरातलं जे मूल मराठी वाचायला शिकलं ते बहुतेक घरीच शिकलं. शाळेत जाणाऱ्या मुलांच्याही घरात एक शाळा भरतच होती, संध्याकाळी दिवेलागणीनंतर.

“मी माझ्या तिन्ही मुलांना मराठी लिहायला शिकवलं ते मामाला पत्र लिहायला लावून,” आजी म्हणाल्या. “महिन्यातून एक आंतर्देशीय. तिघांनी वाटून लिहायचं, एकेकाला एकेक घडी. मामा उत्तरात चुका दाखवायचा. तेव्हा त्याला कुणी होमस्कूलिंग म्हटलं नाही. आता सून म्हणते आहे तेच मी करून चुकले.”

मुलाला घरी शिकवायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त विरोध याच आजींचा होता. शाळेत गेल्याशिवाय डबा वाटून खायला कोण शिकवणार, हा त्यांचा सवाल. तो त्यांनी अजून मागे घेतलेला नाही. पण अक्षरांचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

अक्षरं त्यांनी घरीच बनवली. पुठ्ठ्याचे चौकोन, त्यावर फेविकॉलने अक्षर काढायचं आणि वर बारीक रवा पेरायचा, म्हणजे मुलाला बोट फिरवून अक्षराचं वळण कळतं. पहिल्या रात्रीच रव्याला मुंग्या लागल्या. मग हार्डवेअरच्या दुकानातून काचकागद आणला आणि अक्षरं कापून चिकटवली. क्रमही अ-आ-इ-ईचा ठेवला नाही. ग, म, भ, न आधी. या चारींना उजवीकडे उभी काठी आहे, हात एकाच तऱ्हेने फिरतो, आणि चार अक्षरांत ‘मन’, ‘नभ’, ‘गगन’, ‘नमन’ वाचता येतं. काना शिकला की ‘मामा’ आणि ‘नाग’. ‘अननस’ यायला वेळ लागतो, ‘मामा’ आठवड्यात येतो. मराठीच्या जुन्या जाणत्या शिक्षकांना हे माहीत होतंच. र, स, ख हा पुढचा गट. मग व, ब, क.

खरी गंमत उच्चारांत आहे. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च लिहायला एकच, बोलायला दोन. तसंच ‘जाळं’ आणि ‘जीभ’. दिवसभर हिंदी ऐकणाऱ्या मुलाच्या जिभेवर एकच च बसतो, तो चहातला. आणि ळ तर त्याला बाहेर ऐकूच येत नाही. पाटीवर नाही, दुकानात नाही, शेजारच्या मुलीच्या तोंडी नाही. मी होते त्या दिवशी आजींनी आरसा पुढ्यात घेतला होता. जीभ मागे दुमडून टाळूला लावायची आणि सोडायची, ते दोघं आरशात बघत होते.

“वेल,” आजी म्हणाल्या.

“वेल. भिंतीवरची.”

“वेळ.”

“वेल… वेळ. घड्याळातली.”

“काला.”

“गोकुळाष्टमीचा! दही-पोह्याचा.”

“काळा.”

मुलाने खिडकीत बसलेल्या कावळ्याकडे बोट दाखवलं. आणि मग स्वतःच ओरडला, “आजी, कावळ्यात पण आहे!” त्यानंतर जेवणाची पानं घेईपर्यंत तो घरभर ळ शोधत होता. पोळी, नळ, डोळा, केळं, फळी, गुळाचा डबा. बाहेर हे अक्षर मिळत नाही, म्हणून घरात ते इतक्या आनंदाने सापडलं.

पंचवीस, पच्चीस

अंकांचं काम आबांकडे. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, मला वाटलं आता पाढे म्हणवून घेणार. ते मुलाला घेऊन भाजीच्या ठेल्यावर जातात. तिथे पाव किलो, अर्धा किलो, दीड किलो सगळं तराजूत डोळ्यांसमोर होतं. पावाची दोन वजनं टाकली की काटा अर्ध्या किलोच्या बटाट्यांशी बरोबर होतो, हे त्याने आपल्या हाताने केलंय. माझ्या आजोबांची पावकी-निमकी हीच, फक्त आम्ही ती आधी पाठ केली आणि अर्थ फार उशिरा लागला. या पोराला अर्थ आधी मिळतोय. मला त्याचा हेवा वाटला.

पण आकडे बोलायचे कोणत्या भाषेत? मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर, आणि लिहिताना २ आधी. मूल ऐकल्याप्रमाणे ५२ लिहितं, यात त्याचं काही चुकत नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’, ‘वीस एक’ अशी जोडवाचनाची पद्धत आणली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. ज्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ते पुस्तक केलं त्या मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत राहिल्या की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलाला संख्या कळावी म्हणून एक पायरी जोडली आहे. इंदुरातल्या मुलाची अडचण तिप्पट. घरात पंचवीस, गल्लीत पच्चीस, टॅबवर ट्वेंटी-फाइव्ह. पहिल्या दोन्हींत पाच आधी, तिसऱ्यात वीस. आबांनी यावर काढलेला उपाय साधा आहे. खराट्याच्या काड्या. दहाचा जुडगा रबराने बांधायचा, सुट्या बाजूला. “दोन जुड्या, पाच सुट्या,” मुलगा म्हणतो, आणि मग तिन्ही भाषांत नाव सांगतो. काड्या भाषा बदलत नाहीत.

वकील बापाचा प्रश्न

या पालकांना लोक विचारतात, तुम्ही शिक्षक नाही, मग शिकवणार कसं? मला त्यावर भावनगरचा एक वकील आठवतो. १९१३ साली त्याला मुलगा झाला आणि याला कसं वाढवायचं, कसं शिकवायचं, हा प्रश्न त्याला भंडावू लागला. उत्तर शोधताना माँटेसरीबाईंचं लेखन हाती लागलं. वकिली मागे पडली, आणि १९२० साली त्याने भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढलं. हे गिजुभाई बधेका. त्यांचं सगळं काम एका बापाच्या घरगुती काळजीतून निघालं.

१९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांच्याकडे गेल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, आणि पुढे बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघांनी बालशिक्षण वारल्यांच्या पाड्यांवर नेलं. माँटेसरीची साधनं महाग, परदेशी लाकडाची. कोसबाडला त्यांच्या जागी शिंपले आले, बिया आल्या, पानं, खडे, काटक्या आल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर आपण त्यांच्या अंगणात जाऊ, म्हणून अंगणवाडी. आज देशभर पसरलेल्या सरकारी योजनेला नाव मिळालं ते या कल्पनेतून. मसूर-हरभऱ्याच्या त्या परातीचं मूळ मला कोसबाडच्या टेकडीवर दिसतं.

मध्य प्रदेशाचीही या कामात मोठी ओळ आहे. १९७२ मध्ये होशंगाबादच्या सरकारी शाळांत विज्ञान प्रयोगातून शिकवायचं काम सुरू झालं, पुढे १९८२ मध्ये त्यातून एकलव्य ही संस्था आली. इथून जवळच देवासला तिचं काम वर्षानुवर्षं चाललं. पुण्याच्या टेल्कोतून रजा काढून १९७८ साली अरविंद गुप्ता होशंगाबादला आले आणि तिथल्या आठवडी बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि काडेपेटीच्या काड्या घेऊन त्यांनी त्रिकोण, चौकोन, घरं बांधली. दोन रुपयांत भूमिती. मी पाहिलेल्या चारही घरांत एकलव्यचं ‘चकमक’ मासिक होतं आणि एका घरात व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे चहाच्या डब्यात भरून ठेवलेले होते. त्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाने मला दाखवलं: चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. “म्हणून पुलाला त्रिकोण असतात,” तो म्हणाला. मला हे इंजिनिअर भावाने कॉलेजात असताना सांगितलं होतं.

कायद्याची चौकट

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. त्यातली सक्ती प्रामुख्याने सरकारवर आहे: शाळा द्यायची, मुलाला दाखल करून घ्यायचं, ते येतंय ना बघायचं. कलम १० मध्ये पालकांनीही मुलाला शाळेत घालावं असं म्हटलंय, पण न घातल्यास दंड किंवा शिक्षा लिहिलेली नाही. घरी शिकवण्याला कायद्याने नाव घेऊन मान्यताही दिलेली नाही आणि मनाईही केलेली नाही. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातल्या एका याचिकेत केंद्राने आधी अशा पालकांना आडकाठी नाही असं सांगितलं आणि पुढे ते मागे घेतलं. तेव्हापासून हे पालक असेच मधल्या जागेत उभे आहेत. जर्मनीत घरी शिकवायला बंदी आहे, अमेरिकेत सगळ्या राज्यांत मुभा. आपल्याकडे कुणी स्पष्ट बोलत नाही.

म्हणून तयारीत एक फाइल येते. जन्माचा दाखला, लसींचं कार्ड, आधार, आणि मध्य प्रदेशात लागणारा समग्र क्रमांक. आई दर महिन्याला त्यात मुलाच्या कामाचे चार-पाच कागद, फोटो तारखेसह लावते. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दाराशी आले तर दाखवायला, आणि उद्या शाळेत घालायचं ठरलं तर तिथेही. या कायद्याच्या कलम ४ ने एक दार उघडं ठेवलंय, ते या पालकांना तोंडपाठ आहे. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला चौदा वर्षांपर्यंत वयाप्रमाणे योग्य इयत्तेत घ्यावं लागतं आणि त्याला बरोबरीला आणायला जादा शिकवणीचा हक्क आहे. परीक्षेची वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची: तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे ए, बी, सी असे तीन टप्पे आणि चौदा पूर्ण झाल्यावर दहावी. दहावी-बारावीचा कागद मात्र आपल्या देशात चुकत नाही. मुंबईच्या मालविका जोशीने माहितीशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली, पण बारावीचा दाखला नाही म्हणून आयआयटीचं दार तिला बंद होतं. २०१६ मध्ये ती अमेरिकेत एमआयटीला गेली. तिची गोष्ट हे पालक सांगतात, पण मला ती पाच वर्षांच्या मुलाच्या घरात सांगायला नको वाटते. ऑलिंपियाडसाठी कुणी मसूर निवडत नाही.

परत गेलेली मुलगी

नारायण बागेतल्या घरी गेले तेव्हा मुलगी शाळेत होती. दुसरीत. आईने चहा केला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ताई, मुलगी छान शिकत होती. मी संपून गेले होते.”

नवरा फिरतीवर. सासू-सासरे गावी. दोन वर्षं सकाळी सहा ते रात्री दहा ती एकटी आई, शिक्षिका, स्वयंपाकीण आणि मैत्रीण होती. मुलीला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्याकडूनच हवं असायचं. एका दुपारी मुलीने विचारलं, आई, तुला कुणी मैत्रीण नाही का? त्या संध्याकाळी त्यांनी ठरवलं. जवळच्या साध्या शाळेत घातलं. मुलगी खूश आहे, घरी येऊन आईला शाळा शिकवते. हे अपयश आहे असं तिच्या नात्यातल्यांनी तिला ऐकवलं. मला तसं वाटत नाही. तयारीच्या वहीत मुलाची आवड, मुलाचा वेग, मुलाची झोप सगळं असतं. आईच्या दिवसाचे तास कोण मोजतं? घरी शिकवणं म्हणजे घरातल्या एकाच बाईने नोकरी सोडणं असेल, तर ती किंमत फार मोठी आहे आणि ती आधी बोलली गेली पाहिजे. सुदामा नगरातल्या त्या तक्त्यात चार मोठी माणसं आहेत म्हणून तो तक्ता चालतो. बहुतेक घरांत चार माणसं नाहीत.

दुसरी एक गोष्ट मला आणखी टोचते. मराठी समाजाला शाळा मिळाली ती घरातून बाहेर पडण्यासाठी. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, कारण मुलीला घर शिकवत नव्हतं, चूल शिकवत होतं. १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. १९११ मध्ये गोखल्यांनी त्यासाठी विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. ‘सक्तीचं’ हा शब्द आज आपल्याला टोचतो, पण तो मिळवायला माणसं पिढ्यान्‌पिढ्या झगडली आहेत. घरात प्रेम असतं तशी जातही असते, आणि शाळेच्या सतरंजीवर शेजारी कोण बसेल ते घर ठरवू शकत नाही. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत मुलांना शाळेत न घालता स्वतः शिकवायचं ठरवलं. त्यांना पुरेसा वेळ देता आला नाही, हे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, आणि मुलांची ती खंत आयुष्यभर राहिली. मी हे सगळं सुदामा नगरातल्या बाबांना बोलून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले. “म्हणूनच दर शनिवारी त्याला बाहेर नेतो,” ते म्हणाले. “घरातलीच माणसं भेटत राहिली तर आमचाच छाप उमटेल त्याच्यावर. शनिवारी तुम्हीही या.”

गिरणीच्या आवारात

इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, कापड गिरण्यांच्या. १९२४ च्या सुमारास हुकूमचंद मिलपासून ही प्रथा पडली. पुढे मालवा, स्वदेशी, राजकुमार, कल्याण अशा गिरण्यांच्या झांक्या रात्रभर शहरातून निघायच्या. गिरण्या बंद पडल्या. हुकूमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली आणि कामगारांची देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. पण गिरण्यांबरोबर झांक्यांची प्रथा बंद पडली नाही.

शनिवारी चार घरांतली मुलं एका बंद गिरणीच्या आवारात जमली. शाळेत परत गेलेली ती मुलगीही आली होती, आईबरोबर. पत्र्याच्या शेडखाली बांबूचे सांगाडे, कागदाचा लगदा, थर्माकोल, रंगाचे डबे. एक म्हातारा कामगार हनुमानाच्या मानेखाली बसून पट्टा ताणत होता. मोटर फिरते, सायकलची रिंग फिरते, रिंगवर मध्यापासून सरकवून बसवलेला दांडा वर-खाली होतो आणि हनुमान मान डोलावतो. मुलाने विचारलं, दांडा मधोमध लावला तर? “लगा के देख,” कामगार म्हणाला आणि पाना त्याच्या हातात दिला. दांडा मधोमध लागला. रिंग फिरली. हनुमान ढिम्म. मुलं हसली. मग पुन्हा बाजूला सरकवला, थोडा जास्त, आणि मान इतकी जोरात हलली की कानातलं कुंडल उडालं. नव्वद मिनिटं ही मुलं त्या रिंगपाशी होती. कामगार काका एकदाही घाईला आले नाहीत. “हमने भी ऐसे ही सीखा, मिल में,” ते मला म्हणाले. “हमारे पिताजी के पास खड़े रह के.”

शेडच्या दुसऱ्या टोकाला एक पेंटर प्लायवूडवर झांकीचं नाव लिहीत होता. ‘बाल गणेश’ व्हायचं होतं, ‘बाल’ लिहून झालं होतं. मुलगा तिथे जाऊन उभा राहिला. ओठ हलत होते. ब. काना. ल.

“यात ळ पाहिजे,” तो मराठीत म्हणाला.

पेंटरने आईकडे बघितलं. तिने हिंदीत सांगितलं, आमच्याकडे बाळ म्हणतात.

“कैसा बनता है?” त्याने विचारलं.

मुलगा खाली बसला. जमिनीवर लगद्याची आणि भुश्शाची धूळ साचली होती. बोटाने त्याने आधी वरची रेघ ओढली, मग एक गोल, मग त्याला चिकटून दुसरा, थोडा मोठा. शेवटी दोन्ही गोल वरच्या रेघेला जोडले. पेंटरने वाकून ते नीट बघितलं, मान हलवली, आणि ब्रश लाल रंगात बुडवून ‘गणेश’चा ग काढायला घेतला.